वेल्ह्याहून हर्णैकडे

हर्णै बंदराने समुद्रावरून आलेल्या तोफांचा जो मारा सोसला, त्याचा इतिहास समुद्रापासून बराच दूर, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर सुरू होतो. पुणे जिल्ह्यातील वेल्हे आणि भोर हे दोन भाग समुद्राला ओळखतात ते पावसाळी ढगांच्या रूपाने. तेथे नांगर म्हटला की जमीन उकरणारे अवजार डोळ्यांसमोर येते, तर हर्णैला त्याच शब्दाने होडी जागच्या जागी धरून ठेवणारा लोखंडी आकडा समजला जातो. एका शब्दाचे हे दोन अर्थ जोडणारी वाट तोरण्याच्या पायथ्याशी सुरू होते, वरंधा घाटाने महाडकडे उतरते, सावित्रीच्या काठाने बाणकोटला पोहोचते आणि तेथून किनारा धरून हर्णैच्या सुवर्णदुर्गापाशी संपते. घाट आणि किनारा यांनी एकमेकांना राखले तोवर मराठ्यांचा समुद्र राखला गेला, आणि १७५५ साली घाटावरच्या सत्तेनेच परक्या जहाजांना किनाऱ्यावर वाट करून दिली तेव्हा दोघांचेही नुकसान झाले, ही गोष्ट ग्रंथांत वाचून समजते, पण या वाटेने उतरताना ती मनाला भिडते.

मार्गशीर्षात वेल्ह्याचे खोरे पेंढ्याच्या वासाने भरलेले असते. भाताची खाचरे कापून झालेली असतात, खळ्यांवर झोडणी चाललेली असते आणि या सर्वांवर १,४०३ मीटर उंचीचा तोरणा आपल्या झुंजार आणि बुधला या दोन माच्या पसरून बसलेला असतो. माची म्हणजे गडाच्या कड्यालगतची, तटबंदी घातलेली सपाटी. सूर्य मावळतो त्या बाजूची, डोंगरांमध्ये दडलेली ही खोरी म्हणजेच मावळ. येथे अनोळखी माणसाला प्रथम गाव विचारले जाते आणि मग ‘बसा की पाव्हनं’ म्हणून ओसरीवर घोंगडे अंथरले जाते. पाणी दिल्याशिवाय प्रश्नाला उत्तर देण्याची रीत नाही. ताटात तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले आणि मिरचीचा ठेचा असतो, आणि पुष्कळदा त्याच्या शेजारी सुकटीची चटणी असते. सुकट म्हणजे उन्हात वाळवलेली बारीक कोळंबी. जेथे समुद्र कोणाच्या दृष्टीसही पडत नाही, तेथल्या बाजारात सुकट आणि बोंबील यांचे ढीग मांडलेले असतात, आणि ते कोठून येतात असे विचारले तर ‘खालून’ एवढेच उत्तर मिळते. वेल्ह्यात ‘खाली’ म्हणजे कोकण. त्याला दुसऱ्या नावाची गरज पडत नाही.

तोरण्याच्या पूर्वेस, एका लांब डोंगरसोंडेने त्याच्याशी जोडलेला राजगड उभा आहे. पूर्वी मुरुंबदेव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या डोंगरावर शिवाजी महाराजांनी आपली पहिली राजधानी वसवली आणि सुमारे पाव शतक राज्याचा कारभार येथून चालवला. गुंजवण्याच्या बाजूने चढून पद्मावती माचीवर आले की चारही दिशांना फक्त डोंगर दिसतात, आणि त्या डोंगरांकडे पाहताना एक प्रश्न मनात सतत घोळत राहतो. पाण्यापासून इतक्या दूर राहणाऱ्या राजाला आरमार उभारण्याची बुद्धी कशी झाली असेल? उत्तर कालानुक्रमात आहे. १६५७ च्या अखेरीस कल्याण आणि भिवंडी स्वराज्यात आली, तेथील खाडीत जहाजे बांधण्यास आरंभ झाला, आणि १६५९ पर्यंत वसईच्या पोर्तुगीजांना या नव्या शेजाऱ्याच्या गलबतांची धास्ती वाटू लागली होती. प्रारंभी कामावर घेतलेले पोर्तुगीज कारागीर काम टाकून निघून गेले, तरी काम थांबले नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, तेव्हाही राजधानी राजगडावरच होती. कोळी, भंडारी, खारवी, गाबीत आणि किनाऱ्यावरचे मुसलमान दर्यावर्दी यांनी आरमार चालवले, आणि त्यामागील निर्णय या काळ्या कातळाच्या तटांआड झाले. कोकणातील गावे समुद्रावरून लुटली जात असताना घाटावर निर्धास्त राहता येणार नाही, हे मावळातल्या राजाने ओळखले होते. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले गेले, ते याच जाणिवेतून.

त्या काळच्या जहाजांची नावे येथेच समजून घेतलेली बरी, कारण पुढच्या वाटेवर ती पुन्हा भेटतात. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, नाळेवरून म्हणजे पुढच्या टोकावरून तोफा डागणारे मोठे लढाऊ जहाज. गलबत हे त्याहून लहान, शिडाबरोबर वल्ह्यांनीही चालणारे आणि म्हणून वारा पडला तरी हालचाल करू शकणारे. उथळ खाड्यांतून शिरणे, वाऱ्याविना गुराबांना ओढून नेणे आणि शत्रूच्या जहाजाला चहूबाजूंनी घेरणे हे मराठी आरमाराचे तंत्र होते, आणि डोंगरी युद्धातील गनिमी काव्याशी त्याचे नाते उघड आहे.

वेल्ह्याच्या पश्चिमेस केळदजवळ मढे घाट आणि उपांड्या घाट या पायवाटा कोकणात उतरतात. तानाजी मालुसऱ्यांचे शव सिंहगडावरून याच मढे घाटाने त्यांच्या उमरठ गावी नेले, असे परंपरा सांगते. एरवी या वाटांवरून मीठ आणि सुके मासे वर येत आणि धान्य खाली जाई. गाडीरस्ता झाल्यापासून हे दळणवळण भोरकडे वळले आहे. नीरा नदीच्या काठी वसलेले भोर हे पंत सचिवांच्या संस्थानाचे गाव. सचिव म्हणजे राज्याचे दफ्तर आणि हिशेब तपासणारा अष्टप्रधानांतील मंत्री. राजाराम महाराजांच्या संकटाच्या काळात शंकराजी नारायणांनी हा मुलूख आणि त्यातील किल्ले सांभाळले, आणि त्यांच्या वंशजांकडे हे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी भारतात विलीन होईपर्यंत राहिले. भोरच्या राजवाड्याचे चौक आणि लाकडी खांब पाहताना वैभवापेक्षा नेमस्तपणाच अधिक जाणवतो, आणि गावाची बोलीही तशीच मोजकी, सावकाश आहे. या संस्थानाची एक गोष्ट मात्र विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. राजगड आणि तोरण्यासारखे घाटमाथ्यावरचे गड जसे पंत सचिवांकडे होते, तसाच कोकणातील सुधागड-पालीचा मुलूखही त्यांच्याच ताब्यात होता. एका हाताने घाट आणि दुसऱ्या हाताने कोकण धरण्याची शिवकालीन रीत भोरच्या या लहानशा संस्थानात विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली.

भोर सोडल्यावर रस्ता नीरेच्या काठाने, हिरडस मावळातून वर सरकतो. हिरडस मावळ म्हणजे बांदल देशमुखांचे आणि बाजीप्रभू देशपांड्यांचे खोरे. नीरा-देवघर धरणाचे पाणी उजेडात चमकत बराच वेळ सोबत करते आणि शिरगावजवळ, जेथे नीरेचा उगम मानला जातो, तेथे घाटमाथा येतो. या ठिकाणी पाणलोटाची रेषा आहे. रेषेच्या पूर्वेस पडलेला पाऊस नीरेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातो, आणि काही पावलांवर पश्चिमेस पडलेला पाऊस सावित्रीच्या खोऱ्यातून सरळ अरबी समुद्रात उतरतो. ढग एकच, पाऊस एकच आणि समुद्र दोन. घाटातल्या वाघजाईच्या देवळापाशी वाहने थांबतात, देवीला नारळ वाढवला जातो आणि समोरच्या टपऱ्यांतून गरम भजी आणि चहा घेऊन माणसे दरीच्या काठाशी उभी राहतात. वर चढणारा आणि खाली उतरणारा यांची तेथे क्षणभर गाठ पडते. एकाच्या पिशवीत तांदूळ असतो, दुसऱ्याच्या पिशवीत कोकमे.

घाट उतरताना हवा दमट होते, दगडाचा रंग बदलतो, भिंती काळ्या कातळाऐवजी तांबड्या जांभ्याच्या दिसू लागतात. जांभा हा भोकाभोकांचा, खाणीतून काढताना मऊ असणारा आणि वाऱ्याने घट्ट होणारा दगड. त्याचे चिरे कापून घरेही बांधतात आणि किल्लेही. ताटही बदलते, पण वाटते तितके बदलत नाही. भात मावळातही आहे आणि कोकणातही, तांदळाची भाकरी दोन्हीकडे आहे; फक्त पिठल्याच्या जागी कुळथाची पिठी येते, ठेच्याच्या जागी सोलकढी येते, आणि घाटावर सुकून पोहोचलेला मासा येथे ताजा, नारळाच्या रसात शिजलेला मिळतो. बोलण्याचा वेगही वाढतो. वेल्ह्यात प्रश्नाआधी पाणी मिळते, तर कोकणात पाण्याआधी प्रश्न येतो. मात्र प्रश्न संपेपर्यंत चहाही आलेला असतो आणि परकेपणाही गेलेला असतो.

महाडपासून सावित्री रुंदावत जाते. भरतीचे पाणी खाडीतून आत चढते, काठावर कांदळवने म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडी दिसू लागते, आणि जेथे सावित्री समुद्राला मिळते तेथे दक्षिण तीरावर बाणकोटचा जांभ्याचा किल्ला उभा आहे. मराठ्यांनी त्याला हिंमतगड म्हटले आणि इंग्रजांनी व्हिक्टोरिया. हे दुसरे नाव कोणत्याही राणीच्या कितीतरी आधीचे, विजय या अर्थाचे आहे. हे नामांतर ज्या मोहिमेत झाले, तिचे मुख्य रणांगण दक्षिणेस हर्णैला होते. बाणकोटच्या बुरुजावरून खाडीचे तोंड, समोरचा रायगड जिल्ह्याचा किनारा आणि तरीतून पलीकडे जाणारी माणसे पाहताना या जागेची किंमत आपोआप कळते, कारण ज्याच्या हाती हा बुरुज त्याच्या हाती महाडपर्यंतचा जलमार्ग, आणि महाड ज्याच्या हाती त्याला वरंध्याचा घाट फार दूर नाही.

कान्होजी आंग्रे सरखेल, म्हणजे आरमाराचे सर्वोच्च सेनापती, असताना या किनाऱ्यावर परक्यांना मोकळेपणाने वावरता येत नसे. पोर्तुगीज आपल्या परवान्याशिवाय कोणालाही समुद्रावर फिरू देत नसत. कान्होजींनी तोच न्याय उलटा लावला आणि आपल्या दस्तकाशिवाय, म्हणजे लेखी परवान्याशिवाय, जाणारी जहाजे धरली. इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटले, आणि दुर्दैवाने तो शब्द पुष्कळ काळ आपल्याही पुस्तकांत उतरत राहिला. आपल्या पाण्यावर आपला कायदा चालवणे हा सत्तेचा हक्क होता, आणि तो हक्क घाटावरच्या सत्तेने मान्यही केला होता. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ यांनी शाहू महाराजांच्या वतीने कान्होजींशी समेट घडवून आणला, तेव्हा सातारा आणि कुलाबा एका राज्याची दोन अंगे म्हणून पुन्हा जोडली गेली. १७२९ मध्ये कान्होजी वारले आणि पुढे घरात वाटणी झाली. कुलाब्यास मानाजी आणि विजयदुर्गास तुळाजी असे दोन आंग्रे उभे राहिले. तुळाजी शूर होते, त्यांचे आरमार बलाढ्य होते, पण पेशव्यांची सत्ता त्यांनी जुमानली नाही आणि कोकणातील स्वकीयांच्या मुलखालाही उपद्रव दिला, हेही तितकेच खरे. पेशव्यांचा राग निराधार नव्हता. तो शमवण्यासाठी निवडलेला सोबती मात्र चुकीचा होता.

हर्णैचा किनारा प्रथम दिसतो तो उंचावरून, आणि एका दृष्टिक्षेपात युद्धाचा सारा नकाशा समोर उभा राहतो. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन छोटे किल्ले आहेत, आणि समोर अरुंद खाडीपलीकडे बेटावर सुवर्णदुर्ग आहे. जमिनीवरचे तीन किल्ले हे बेटावरच्या दुर्गाचे पहारेकरी. १७५५ च्या मार्चमध्ये पेशव्यांचे कोकणातील सरसुभेदार रामाजी महादेव आणि मुंबईचे इंग्रज यांच्यात करार झाला, आणि २२ मार्चला कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्याजवळ ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’, १६ तोफांचे एक लहान जहाज आणि दोन बाँबजहाजे होती. बाँबजहाज म्हणजे उखळी तोफा बसवलेली नौका, जिचे स्फोटक गोळे तटावरून उंच जाऊन आत पडत. चौलहून पेशव्यांचे सात गुराब आणि सुमारे साठ गलबते त्याला मिळाली, आणि किनाऱ्याच्या बाजूने पेशव्यांच्या फौजेने वेढा घातला.

२ एप्रिलला जेम्सने पश्चिमेकडून, म्हणजे खुल्या समुद्राच्या बाजूने, मारा केला. त्या बाजूचा तट काही ठिकाणी बेटाच्या कातळातच कोरून काढलेला आणि काही ठिकाणी प्रचंड शिळांचा आहे. दिवसभरात सुमारे आठशे गोळे खाऊनही तो ढळला नाही. आजही नावेतून बेटाला वळसा घालताना हा तट लाटांतून सरळ वर उठलेला दिसतो आणि तो बांधणाऱ्या पाथरवटांपुढे मान लवते. दुसऱ्या दिवशी जेम्सने बेत बदलला आणि जहाजे बेट व किनारा यांच्यामधील उथळ पाण्यात आणली. ही बाजू दुर्गाची आतली, विश्वासाची बाजू होती. महादरवाजा याच बाजूस, किनाऱ्याकडे तोंड करून आहे, त्याच्या पायरीवर कासव कोरलेले आहे आणि जवळच्या तटावर मारुती आहे. शत्रू समुद्रावरून येईल आणि किनारा आपलाच असेल, या भरवशावर दुर्गाची रचना झाली होती, आणि तो भरवसा त्या दिवशी मोडला. दुपारच्या सुमारास एका गोळ्याने आतील कोठारांना आग लागली, आग दारूखान्यापर्यंत पोहोचली आणि मोठा स्फोट झाला. शिबंदी आणि तिची बायकामुले, अशी सुमारे एक हजार माणसे, नावांत बसून किनाऱ्याकडे निघाली. इंग्रजी जहाजांनी त्यांना वाटेतच धरले. बेटावर आणि किनाऱ्यावर मिळून चारही किल्ले पडले, आणि काही दिवसांतच बाणकोटनेही दार उघडले.

आज सुवर्णदुर्गाच्या आत करवंदीच्या जाळ्या, पाण्याची टाकी आणि वाड्यांची जोती एवढेच उरले आहे. दरवाजातून मागे वळून पाहिले की हर्णैची घरे इतकी जवळ वाटतात, की किनाऱ्यावरच्या माणसांनी त्या दुपारी धुराचा लोट आणि आपल्या आप्तांच्या नावा दोन्ही पाहिल्या असतील, यात शंका राहत नाही. त्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या पेशव्यांच्या फौजेत घाटावरची किती कुटुंबे गुंतली असतील, हा विचारही तेवढाच जड आहे. पुढच्याच वर्षी, १२ आणि १३ फेब्रुवारी १७५६ या दोन दिवसांत, ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. तेथे बंदरात एकमेकांना लागून उभ्या असलेल्या आंग्र्यांच्या जहाजांना आग लागली आणि मराठी आरमाराचा सर्वांत समर्थ भाग पाण्यावरच जळाला. तुळाजी उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील तहाने विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट कायमचा इंग्रजांकडे गेला. पेशव्यांना किल्ला मिळाला होता, पण ज्या जहाजांमुळे किल्ल्याला अर्थ होता ती परत मिळणारी नव्हती.

सुवर्णदुर्गावरच्या विजयाची आठवण हर्णैपेक्षा लंडनने अधिक जपली. विल्यम जेम्स १७८३ मध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या पत्नीने शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी मनोरा उभारला. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे इंग्रजी जिभेवर बसलेला सुवर्णदुर्ग. जिंकणाऱ्याने पराभवाच्या जागेचे नाव आपल्या घराशेजारी नेऊन ठेवले, आणि हर्णैला मात्र त्या हजार माणसांचे एकही नाव दगडावर दिसत नाही.

हर्णैची संध्याकाळ याविषयी काही बोलत नाही. दिवस उतरणीला लागला की होड्या उथळ पाण्याबाहेर नांगर टाकतात, बैलगाड्या चाके बुडेपर्यंत पाण्यात जाऊन टोपल्या भरून आणतात आणि वाळूवर माशांचे वाटे मांडले जातात. सुरमई, पापलेट, कोळंबी, बांगडा यांचा लिलाव उघड्या आवाजात होतो. कोळणी भाव सांगतात, घासाघीस करतात, आणि सौदा मोडला तरी मन मोडू देत नाहीत. घाटावरून आलेल्या माणसाला ‘वरचे का?’ असे विचारले जाते, आणि वेल्ह्याच्या बाजारातले ‘खालून’ तेव्हा आठवते. दोन्ही शब्दांत परकेपणा नाही, फक्त उंचीचा फरक आहे. बाजूला खळ्यासारख्या सारवलेल्या अंगणांत कोळंबी वाळत पडलेली असते. तीच चढून वर जाणार असते.

या बंदराचा शेवटचा राजकीय प्रसंगही घाट उतरूनच आला. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांपुढे पराभव झाल्यावर दुसरे बाजीराव पुण्याहून सिंहगडाकडे आणि पुढे महाडला पळाले, महाडहून ते सुवर्णदुर्गास आले आणि तेथून एका इंग्रजी जहाजात बसून डिसेंबरमध्ये वसईला गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी ज्या वसईच्या तहावर सही केली, त्याने मराठी राज्याचे स्वातंत्र्य संपुष्टात आणले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या चुलत्यांनी ज्या दुर्गावर इंग्रजी जहाजे बोलावली, त्याच दुर्गाच्या पाण्यातून पुतण्याला इंग्रजी जहाजाचा आश्रय घ्यावा लागला, कारण त्याला तारून नेईल असे आपले आरमार तेव्हा त्या पाण्यात नव्हते. राजगडावर बसलेल्या राजाला समुद्र दिसत नसतानाही कळला होता, आणि सुवर्णदुर्गाच्या दरवाजात उभ्या असलेल्या पेशव्याला तो समोर दिसत असूनही आपला म्हणता आला नाही. अंधार पडतो तेव्हा लिलाव संपलेला असतो, कनकदुर्गावरचा दीपस्तंभ पेटतो, आणि होड्यांचे नांगर वाळूत रुतून घट्ट बसलेले असतात. त्याच वेळी घाटावर, पेंढ्याच्या वासात, भातखाचरांच्या कडेला दुसरे नांगर पुढच्या पावसाची वाट पाहत टेकवून ठेवलेले असतात.